अल खर्जहून केलेलं डुकरिणीचं बाळंतपण

माझ्या हातून किती वासरं या जगात आली, त्याची मोजदाद मी कधी ठेवली नाही. अल खर्जच्या त्या डेअरी फार्मवर सकाळी गमबूट चढवले की दुपारी उतरवेपर्यंत कोणी ना कोणी व्यालेलं असायचंच. पण माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं बाळंतपण मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ते झालं समुद्रापलीकडच्या एका बेटावर, आणि बाळंतीण होती एक रानडुकरीण. मी होतो सौदीत, जिथे त्या जनावराचं नुसतं नाव काढलं तरी माणसं कानांवर हात ठेवतात. आज इतक्या वर्षांनीही ती सकाळ आठवली की अंगावर काटा येतो, आणि तो भीतीचा नव्हे.

मी मूळचा सिंधुदुर्गातला, सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावचा. पशुधनाचा डिप्लोमा केला, सरकारी जागेची वाट बघून कंटाळलो आणि इकडे आलो. बटणांचे मोबाईल लोकांच्या हातात नुकते रुळत होते, तो काळ. गावाकडे म्हशींच्या मागे फिरलेला माणूस इथल्या गोठ्यात शिरला की आधी आ वासून उभाच राहतो. बाहेर वाळू, मध्ये लसूणघासाची गोल गोल हिरवी शेतं आणि पत्र्याच्या लांबच लांब शेडखाली काळ्या-पांढऱ्या विलायती गाई. उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यावर पंखे आणि पाण्याचे फवारे. आमच्या कॅम्पातला एसी बंद पडला तर आठवडा जायचा, गाईंचा पंखा बंद पडला तर मेकॅनिक धावत यायचा. पुढचा जन्म इथल्या गाईचा मागून घ्यावा, असं आम्ही म्हणायचो.

माझी ड्यूटी विणीच्या शेडमध्ये. तिथला धर्म एकच, स्वच्छता. गाय आत घ्यायच्या आधी कप्पा धुवायचा, जंतुनाशक मारायचं, आधीच्या गाईखालचं काड काडीभरसुद्धा राहता कामा नये. हात कोपरापर्यंत धुतलेले, वासराच्या नाळेला आयोडीन लगेच. आमचा सुपरवायझर इजिप्तच्या खेड्यातला, धिप्पाड, पोट सुटलेला. त्याला सगळे मुदीर म्हणायचे. तो शेडमध्ये शिरला की आधी जमिनीकडे बघायचा, मग आमच्याकडे. जमीन नापसंत पडली की आमची खैर नसे. मी इंजेक्शनं देतो म्हणून मला तो ‘दुक्तूर’ म्हणायचा. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझ्या जोडीला एक फिलिपिनो होता. गल्फमध्ये सगळ्या फिलिपिनोंना सरसकट कबायान म्हणतात, मीही त्याला तेच म्हणायचो. तो मला ‘कुया’ म्हणायचा, म्हणजे त्यांच्यात थोरला भाऊ. मी तापट माणूस. वासरू अडलं की आधी गाईवर ओरडायचो, मग हात घालायचो. हा गाईच्या कानाशी जाऊन काहीतरी पुटपुटायचा, आणि ती खरोखर शांत व्हायची. आमची भाषा म्हणजे थोडी इंग्रजी, थोडी हिंदी आणि उरलेली अरबी अशी भेळ होती, पण आमचं एकमेकांवाचून अडायचं.

त्याच्याकडचं एक छापील छायाचित्र मी पहिल्यांदा पाहिलं ते बत्ह्यात, रियाधच्या बाजारात. शुक्रवारी फार्मची बस रियाधला जायची. बत्ह्याच्या गर्दीत मी मसाले घ्यायचो, तो सुकी मासळी घ्यायचा आणि मग एका केरळी खानावळीत आम्ही मीन-भात खायचो. त्या दिवशी जेवण झाल्यावर त्याने आधी चारी बाजूंना बघितलं, मग पाकिटातून घड्या घातलेला एक कागद काढून टेबलाखालून माझ्या मांडीवर ठेवला. मला वाटलं, हा आता काहीतरी भलतंच दाखवतोय. उघडून बघतो तर डुक्कर.

“आमच्या डोंगरावरचं,” तो कुजबुजला. “बाबोय तालुनोन. रानातलं.”

मी हसणार होतो, पण हसू आलं नाही. डुक्कर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आमच्याकडचं धूड येतं, एका रात्रीत भाताचा कुणगा नांगरून टाकणारं. हा नर त्याच्या निम्म्याने असेल नसेल. काळपट अंग, नाकाडावरून आडवा गेलेला पांढरा पट्टा, गालांवर चामखिळींच्या जोड्या. आणि डोक्यावर केस! मानेपासून उभी राहिलेली आयाळ कपाळावरून पुढे येऊन डोळ्यांवर अशी सांडली होती, जसं नवरदेवाने बाशिंग बांधावं. आणि तो नवरदेवाच्याच रुबाबात कॅमेऱ्याकडे बघत होता. कबायान म्हणाला, ही आयाळ फक्त माजाच्या हंगामात वाढते, पुढे गळून जाते. देवाला काय हौस असेल बघा, डुकराला बाशिंग बांधायची! मी तो कागद बराच वेळ मांडीवर धरून बसलो. वेटर पाणी घेऊन आला तेव्हा कबायानने तो झटकन ओढून घेतला.

परतताना बसमध्ये त्याने सगळं सांगितलं. हे डुक्कर जगात फक्त त्यांच्याकडच्या मोजक्या बेटांवर व्हायचं, त्यातल्या काही बेटांवरून ते कधीच संपलं. रान तोडलं, फासे लावले. उरलेली गावाच्या कडेला आली तर गावठी डुकरांशी त्यांची सोयरीक होते आणि पुढची प्रजा ना इकडची ना तिकडची. “कुया, मारून संपतं ते संपतंच,” तो म्हणाला, “पण लग्न लावूनही संपतं.”

रात्री जेवताना मी ही गोष्ट माझ्या खोलीतल्या इलेक्ट्रिशियनला सांगितली. तो आमच्याच तालुक्यातला, वयाने मोठा, मी त्याला दादा म्हणायचो. त्याने भाकरीचा तुकडा हातातच ठेवून माझ्याकडे बघितलं.

“डुकर संपाक इलो?” तो म्हणाला. “सांग तेका, आमच्या मळ्यात येवन बघ म्हणान. रातभर झोपाक देनत नाय मेले!”

मलाही आत कुठेतरी तसंच वाटत होतं. ज्याच्या नावाने आमच्या गावात रात्र रात्र डबे बडवतात, ते कुठेतरी संपायला आलंय, हे माझ्या डोक्यात शिरेना.

मग हिवाळ्यात ती बातमी आली. कबायानच्या बापाचं घर डोंगराच्या उतारावर, गावातलं शेवटचं. त्याच्या पलीकडे रताळ्यांचं शेत आणि मग रान. शेजाऱ्याने लावलेल्या फाशात एक रानडुकरीण अडकली. म्हाताऱ्याने फास कापून तिला सोडवली, पण मागचा पाय चिरला होता, ती चालेना. मग त्याने घरामागे बांबूचं कुंपण घालून तिला ठेवली. दोन दिवसांत त्याच्या लक्षात आलं, की ती गाभण आहे.

अशी डुकरं सांभाळून वाढवणारं एक केंद्र शहरात होतं. तिथली माणसं येऊन बघून गेली. आता हलवू नका, व्यायली की आम्ही नेऊ, म्हणाली. आणि एक गोष्ट बोलून गेली, ती म्हाताऱ्याच्या मनात घर करून बसली. पिल्लं गावठी नराची असतील तर ती रानाच्या कामाची नाहीत. म्हातारा सांगायचा, रानातल्या जोडीची पिल्लं सगळीच्या सगळी पट्टेवाली होतात, खारीसारखी. गावठी रक्त मिसळलं की ठिपके येतात, पांढरे डाग येतात. डोंगरावर रानटी नर कोणी पाहून कित्येक वर्षं झाली होती. म्हणजे पिल्लं जगली आणि पट्टेवाली निघाली, तरच डोंगरावर अजून कोणीतरी आहे. नाहीतर ही शेवटची.

“बाबा रोज तिच्याजवळ बसतो,” कबायान म्हणाला. “जन्मभर त्याने रताळ्यांतून डुकरं हाकलली. आता विचारतो, हिला काय घालू.” मग त्याने माझा हात धरला. “कुया, तू सांग ना. आपण दोघं एवढी बाळंतपणं करतो. बाबाने काय तयारी करायची?”

आम्ही काय सांगितलं असेल? जे आम्हाला येत होतं, तेच. जागा धुऊन काढा. खालचं सगळं गवत, पालापाचोळा उचला, त्यात जंत असतात. खाली बांबूच्या पट्ट्या ठोका, म्हणजे ओल राहणार नाही. कोपऱ्यांत चुना. पाणी रोज बदला. वेळ जवळ आली की कोणीतरी सतत लक्ष ठेवा. त्याने एकेक सूचना मेसेज करून बहिणीला पाठवली, आणि बहीण घरामागच्या उंचवट्यावर चढून, जिथे सिग्नल मिळायचा तिथे, त्या वाचायची. म्हाताऱ्याने सगळं तसंच केलं. मुलगा परदेशात एवढ्या मोठ्या फार्मवर काम करतो, त्याचा शब्द खाली कसा पडू देणार? बहिणीने कळवलं, आमच्या स्वयंपाकघरापेक्षा डुकरिणीचं घर आता स्वच्छ आहे. आम्ही दोघं खूश. मी तर दादाला सांगितलंसुद्धा, की माझ्या देखरेखीखाली आता फिलिपिन्सपर्यंत विणीची शेड आहे.

त्या सकाळी अल खर्जला चांगली थंडी होती. आम्ही स्वेटरवर डांगरी चढवून एका पहिलारू गाईपाशी उभे होतो. शेडमध्ये फोन वापरायला बंदी, म्हणून कबायान मोबाईल गमबुटात ठेवायचा. बुटात घरघर झाली. त्याने वाकून वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला.

सकाळपासून डुकरीण अस्वस्थ होती. खात नव्हती. कुंपणाच्या कडेने गोल गोल फिरत होती, दुखऱ्या पायाने. खालच्या बांबूच्या पट्ट्या नाकाडाने उपटायला बघत होती, नाकातून रक्त आलं होतं. आडवी व्हायची, कळ द्यायची, की पुन्हा उठून फिरायची. पिल्लू येत नव्हतं.

“हात घालून बघायला सांगू?” कबायानने विचारलं.

“रानटी जनावर आहे, बोटं तोडेल!” मी खेकसलो. गाय असती तर मला काय करायचं ते माहीत होतं. तिथे ना माझा हात पोचत होता, ना नजर. पुन्हा घरघर. तेच. फिरतेय, थकलीय, तोंडाला फेस आलाय. “आपण सांगितलं ते सगळं केलं बाबाने,” कबायान परत परत म्हणत होता. “ती मेली तर त्याला काय सांगू?”

एवढ्यात मुदीर आला. त्याने नेहमीप्रमाणे आधी जमीन बघितली, मग आम्हाला, आणि मग कबायानच्या हातातला मोबाईल. आता नोकरीवर गदा, असं मला वाटलं. पण त्याने कबायानचा चेहरा पाहिला आणि आवाज खाली आणला.

“काय झालं?”

“घरी... डिलिव्हरी,” कबायान कसाबसा म्हणाला. “प्रॉब्लेम.”

“बायको?”

कबायानने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, देव जाणे. मुदीरने ती होकाराची धरली आणि मी जमिनीकडे बघत राहिलो. त्याने आमची गाय एका सुदानी गड्याच्या हवाली केली, आम्हा दोघांना खांद्याला धरून आपल्या केबिनमध्ये नेलं, हीटर लावला, चहा मागवला. कबायानचा बॅलन्स संपत आला होता. मुदीरने आपला मोबाईल काढून त्याच्यापुढे ठेवला. “बोल. पाहिजे तेवढं बोल. यल्ला.”

मी चहाचा पेला बाजूला सरकवला. त्या माणसाच्या फोनवरून, त्याच्या खुर्चीसमोर बसून, आम्ही कोणाचं बाळंतपण करत होतो!

कबायानने बहिणीला फोन लावला. ती उंचवट्यावर उभी, म्हातारा खाली कुंपणापाशी. तो ओरडून सांगणार, ती कबायानला सांगणार, तो मला सांगणार. पाणमोट फुटलेली दिसत नाही. कळा आहेत. फिरते आहे. मग बहीण मध्येच काहीतरी बोलली आणि कबायान गोंधळून माझ्याकडे वळला.

“बाबाची टोपी नेली म्हणते.”

“कोणी?”

“तिने. बाबाने ताडपत्राची टोपी कुंपणावर अडकवली होती. तिने खेचून घेतली, फाडली आणि कोपऱ्यात नेऊन ठेवली. आधी एक पोतंही नेलं होतं.”

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

आमच्या गावात शिमग्याच्या सुमाराला पारध निघायची. लहानपणी मी हाकाऱ्यांबरोबर जायचो, डबा वाजवत. एकदा करवंदीच्या जाळीपलीकडे मला गवताचा आणि डहाळ्यांचा मोठा ढीग दिसला, कोणी नीट रचून ठेवावा तसा. मी त्यात काठी खुपसणार, तोच माझ्या चुलत्याने मनगट पकडलं. डुकरीण व्यायच्या आधी असा ढीग करते, आणि त्यात शिरून आतून तोंड बंद करून घेते. आमच्या गावचा नेम होता, की ज्याला असा ढीग दिसेल त्याने वाटेवर हिरवी डहाळी आडवी टाकायची. मग मागून येणारे सगळे तिथून वळायचे. डबे बंद, कुत्री दोरीला. बंदुका घेऊन डुकरालाच मारायला निघालेली माणसं त्या ढिगाला वळसा घालून चोरपावलांनी पुढे जायची. एरवी शिव्या देऊन बोलणारा माझा चुलता तेव्हा कुजबुजत म्हणाला होता, “बाळंतीण हा आत.”

आणि आम्ही त्या बिचारीच्या पायाखालची काडी न् काडी उचलायला लावली होती! तिला अंथरूण घालायचं होतं आणि आम्ही तिला धुतलेली फरशी दिली होती. अति तेथे माती म्हणतात. इथे तर मातीसुद्धा ठेवली नव्हती. अशी चूक डेअरीवाल्यांनीच करावी.

“पानं!” मी ओरडलो. “पानं टाकायला सांग! केळीची पानं, गवत, नेचे, जे मिळेल ते. ढीगच्या ढीग. वरून टाका आत!”

“पण कुया, आपणच तर सांगितलं होतं की...”

“चुकलं आपलं! आता घाण करायला सांग. भरपूर घाण!”

आम्ही अरबी टाळून बोलत होतो, तरी केळीची पानं मुदीरला कळली. त्याने भुवया उंचावल्या. “दुक्तूर, बाळंतिणीला केळीची पानं कशाला?”

“त्यांच्याकडे पद्धत आहे,” मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

“आणि बाबाला म्हण,” मी कबायानला सांगितलं, “टाकून झालं की तिथून निघ. कोणी बघायचं नाही. कुंपणाला गोणपाट लाव आणि पाठ फिरव.” हे सांगताना माझी जीभ अडखळली. सारा जन्म मी जनावराच्या मागे उभं राहून लक्ष ठेवायला शिकलो होतो. निघून जा, हे औषध मी कोणाला कधी दिलं नव्हतं.

पुढचं बहिणीने जसं दिसेल तसं सांगितलं. म्हाताऱ्याने आणि शेजाऱ्याने भारेच्या भारे आत टाकले. फास लावणारा शेजारी हाच, आणि तोच आता सगळ्यांत जास्त धावत होता. डुकरीण आधी लांब उभी राहिली. मग पुढे आली, तोंडात मावेल तेवढं गवत घेतलं आणि लंगडत कोपऱ्यात गेली. ठेवलं. परत आली. केळीचं पान आडवं धरलं, ते कुंपणात अडकलं, तर तिने ते सोडून टोकाकडून धरलं आणि ओढत नेलं. बहीण सांगता सांगता हळू आवाजात बोलायला लागली, जसं काही डुकरिणीला ऐकू जाईल. कबायानही कुजबुजत भाषांतर करायला लागला, मग मीही कुजबुजतच विचारू लागलो. केबिनमध्ये आम्ही तिघं, हजारो कोस लांब, आणि सगळे श्वास रोखून. ती रचत होती, नाकाडाने दाबत होती, वरून आणखी आणत होती. तिला कोणी शिकवलं असेल हे? तिच्या आईने रचलेल्या अशाच ढिगात ती जन्मली, आणि तिची आई तिच्या आईच्या. माणूस त्या बेटावर येण्याआधीपासून हे चाललंय. मला एकदम फार लहान झाल्यासारखं वाटलं, आणि ते वाटणं चांगलं होतं.

मग ती ढिगात शिरली, आतून एक पान ओढून घेतलं आणि दिसेनाशी झाली.

म्हातारा ठरल्याप्रमाणे कुंपणाकडे पाठ करून बसला. आम्ही फोन ठेवला. बाहेर दुपारची, जुहरची अजान झाली. मुदीर उठला, कबायानच्या डोक्यावर हात ठेवला. “बाळाच्या आईसाठी दुआ मागतो,” म्हणाला आणि नमाजाला गेला. त्याचा मोबाईल टेबलावर आमच्यापुढे तसाच. आम्ही दोघं एकमेकांकडे बघू शकत नव्हतो. मला रडू येत होतं, कशाचं ते सांगता येत नाही. गणपतीची आठवण काढली, तीही जरा भीतभीतच.

तो परत आला आणि दारातच असताना फोन वाजला. त्यानेच उचलला, नंबर बघितला आणि कबायानला नीट ऐकू यावं म्हणून स्पीकरचं बटण दाबून फोन टेबलावर ठेवला. बहीण काही बोलत नव्हती. उंचवट्यापासून एवढ्या लांब सिग्नल नेमका कसा टिकला कोण जाणे, पण ती फोन घेऊन ढिगाजवळ गेली होती.

आधी नुसती खरखर. मग एक खोल, सावकाश हुंकार. हुं... हुं... हुं... मग तो वाढत गेला, जलद झाला, आणि त्याच्याखालून बारीक बारीक किरकिर, एकमेकांना ढकलणारी. मी तो आवाज ओळखला. दूध उतरल्यावर आई पिल्लांना सांगते तो. पानांच्या आत, अंधारात कोणीतरी प्यायला लागलं होतं. कबायानने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मुदीर टेबलावर हात टेकून ऐकत होता. खेड्यातला माणूस, जन्म गोठ्यात गेलेला. त्याच्या कपाळावर आठी पडली.

“हे बाळ नाही,” तो म्हणाला.

फोनमधून हुंकार येतच होता.

“जनावर आहे,” शेवटी मी म्हणालो. “त्याच्या घरचं. रानातलं. तिथे फार थोडी उरलीत. त्याचा बाप...”

त्याने हात वर केला. “कुठलं जनावर ते मला सांगू नका.” तो फोनकडे बघत राहिला. त्या आवाजाला दुसरं नाव नव्हतं आणि ते त्याला कळलं होतं, याची मला आजही खात्री आहे. “आई जिवंत?”

“जिवंत.”

“अल्हम्दुलिल्लाह,” तो म्हणाला. मग त्याने खिशातून रुमाल काढून फोन स्वच्छ पुसला, दोनदा पुसला, आणि खिशात घातला. “खलास. तुमची गाय वाट बघतेय.”

त्याने ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. मीही माफी मागितली नाही. मागितली असती तर नाव घ्यावं लागलं असतं. पण त्या दिवसापासून मी त्याला मनापासून मान दिला. धर्म पाळणारे पुष्कळ पाहिले, पण धर्मही न सोडणारा आणि बाळंतीणही न सोडणारा असा माणूस विरळा.

पिल्लं झाली होती, पण कशी झाली हे कोणालाच माहीत नव्हतं. ढीग उकरायचा नाही, असं मीच बजावलं होतं. कॅम्पात दादाने दोनदा विचारलं, “काय रे, पट्टे हत काय?” भातासाठी डुकरांना शिव्या घालणारा माणूस, पण त्यालाही चैन नव्हतं. ती आपण होऊन बाहेर येईपर्यंत थांबायचं होतं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आम्ही एका वासराला चीक पाजत होतो. गमबुटात घरघर झाली. कबायानने हात पुसले, वाकला, वाचलं आणि तसाच वाकलेला राहिला. मला वाटलं, गेलं एखादं. मी त्याच्या हातातून फोन घेतला. इंग्रजीतला मेसेज होता, बहिणीने माझ्यासाठीच इंग्रजीत लिहिला असावा. आई पाणी प्यायला बाहेर आली. मागून तीन आली. तिघांच्या अंगावर पट्टे, नाकापासून शेपटीपर्यंत.

पट्टे! म्हणजे तो होता. त्या डोंगरावर, कोणाच्या नजरेला न पडता, डोळ्यांवर आयाळ घेऊन तो इतकी वर्षं फिरत होता. कोणालाच पत्ता लागला नाही, फक्त तिला लागला. मी वासराच्या अंगावर चिकाची बाटली उलटी केली आणि कबायानला मिठी मारली, शेणाच्या हातांनी.

“बाबाला फोन लाव,” मी म्हणालो. “काय म्हणतो विचार.”

त्याने शेडच्या मागे जाऊन बहिणीला मिस्ड कॉल दिला, तिने उलट फोन केला. तो थोडं बोलला, बरंच ऐकलं. परत आला तेव्हा डोळे लाल होते.

“बाबा घरी नाही. टोपलीभर रताळी घेऊन रानाच्या कडेला गेलाय. चांगली चांगली निवडून नेली म्हणते. तिथे ठेवून येणार आहे.”

“कोणासाठी?”

“पोरांच्या बापासाठी,” तो म्हणाला.